धूमकेतूच्या पोटात: प्रकल्प नोंदी, सोलापूर

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

कोजागरी होऊन चार दिवस झाले. चंद्र आता आठ वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे संध्याकाळी तासभर तरी खरा अंधार मिळतो. बाबा, मी आणि धाकटा भाऊ तुळजापूर रस्त्याने निघालो आणि हिप्परगा तलाव मागे टाकून एका शेताच्या बांधाशी थांबलो. पायी तुळजापूरला जाणाऱ्यांसाठी घातलेले मंडप अजून पुरते निघालेले नाहीत, बांबू रस्त्याकडेला रचून ठेवलेत.

सात वाजून गेल्यावर धूमकेतू सापडला. पश्चिमेला शुक्र, त्याच्या बऱ्याच वर आणि उजवीकडे, दुर्बिणीत आधी नुसता धुरकट ठिपका. डोळा सरावल्यावर शेपटी दिसायला लागली, वर वर चढत गेलेली. त्सुचिन्शान-ॲटलस. दसऱ्याच्या दिवशी तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, सुमारे सात कोटी किलोमीटरवर. आता लांब चाललाय.

बाबा दुर्बीण सोडेनात. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शेपटी दिसली गं. जनावर कुठाय?"

जनावर दिसत नाही. शेपटी लाखो किलोमीटर पसरते, पण तिला जन्म देणारं केंद्रक असतं काही किलोमीटरचं, आणि ते स्वतःच्याच धुळीत झाकलेलं. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला दोन महिने विषय शोधत होते. तो या बांधावर मिळाला: त्या केंद्रकाच्या पोटात काय असतं, आणि ते पोट भरलं कसं.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. पाहुणे गेल्यावर वाचत बसले.

१९५० साली फ्रेड व्हिपल यांनी केंद्रकाला बर्फ आणि धूळ यांचा एकजीव गोळा मानलं. त्याआधी बऱ्याच जणांना ते वाळूच्या सुट्या कणांचा थवा आहे असं वाटायचं. १९८६ मध्ये पॉल वाइसमन यांनी म्हटलं की एकजीव कशाला, लहान लहान गोळे गुरुत्वाकर्षणाने सैलसर एकत्र आलेले असतील, दगडांच्या ढिगासारखे. त्याच वर्षी मार्चमध्ये ज्योत्तो यान हॅलेच्या केंद्रकापासून ६०० किलोमीटरच्या आतून गेलं आणि केंद्रकाचा पहिला जवळचा फोटो मिळाला: सुमारे १५ किलोमीटर लांब, कोळशासारखं काळं, बटाट्यासारखं वाकडंतिकडं. पुढे २००७ मध्ये मायकेल बेल्टन आणि सहकाऱ्यांनी थरांचा ढीग सुचवला. हळू येणारे गोळे आदळून चपटे होत जातात आणि शेणाच्या गोवऱ्या एकमेकींवर थापाव्यात तसे थर बसतात. (गोवऱ्यांची उपमा माझी, पण चित्र तेच आहे.)

एकजीव गोळा, ढीग, थर. तिन्ही चित्रं दिसायला वेगळी, आणि प्रत्येकामागे धडकेचा वेग वेगळा. प्रकल्पाची मांडणी मला इथेच दिसते.

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज कार्तिकी एकादशी. शेजारचे काका-काकू पहाटेच पंढरपूरला गेले. आणि आजच फिलीला दहा वर्षं झाली. १२ नोव्हेंबर २०१४ ला रोझेटा यानाने सोडलेला तो छोटा लँडर ६७पी या धूमकेतूवर उतरला. मी तेव्हा सातवीत होते.

उतरला म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने टेकला, आणि त्याला धरून ठेवायचे भाले सुटलेच नाहीत. उसळून वर गेला, जवळजवळ दोन तास तरंगत, ठेचकाळत शेवटी एका कड्याच्या सावलीत जाऊन पडला. ही घटना मी पुष्कळदा वाचली होती, पण आज तिच्याकडे मोजमाप म्हणून पाहिलं. त्या केंद्रकाचा मुक्तिवेगच सेकंदाला सुमारे एक मीटर आहे. थोडा जोरात उसळला असता तर परत आलाच नसता.

त्याहून मोठी गोष्ट त्या ठेचकाळण्यात सापडली. २०२० मध्ये लॉरेन्स ओ'रुर्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुसऱ्यांदा टेकताना फिलीने एका धोंड्यात खळगा पाडला होता आणि आतला बर्फ उघडा पडला होता. त्या खळग्यावरून हिशोब केला तर धोंड्याच्या आतल्या मिश्रणाची ताकद १२ पास्कलपेक्षाही कमी निघाली. आणि जिथे फिली अखेर थांबला तिथे मात्र त्याचा हातोडा जमिनीत शिरेना. म्हणजे वरून टणक कवच आणि आत फेसासारखा भुसभुशीतपणा, दोन्ही एकाच केंद्रकावर.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

आजचा दिवस स्वयंपाकघरात आणि कारखान्यात गेला. आतापर्यंतचा सगळ्यात उपयोगी दिवस.

६७पी चं वस्तुमान रोझेटाच्या कक्षेवरून नीट कळलं आहे, जवळजवळ १० लाख कोटी किलो. आकारमान १८.७ घन किलोमीटर. भागाकार केला की घनता येते घनमीटरला ५३३ किलो. म्हणजे एक लिटर धूमकेतू ५३३ ग्रॅमचा. पाण्यावर टाकला तर अर्धा वर राहील.

हा आकडा हाताला कळावा म्हणून आईकडून ज्वारीचं पीठ घेतलं. लिटरच्या मापात चाळणीने हलकेच भरलं, काठाशी पट्टी फिरवली, वजन केलं: ५१० ग्रॅम. माप दहा वेळा ओट्यावर आपटलं, पीठ खाली बसलं, वर पुन्हा भरलं: ६४० ग्रॅम. म्हणजे धूमकेतू हा नुकत्याच चाळलेल्या भाकरीच्या पिठाइतका हलका आहे, आपटलेल्या पिठाइतका नाही. साडेचार अब्ज वर्षांत त्याला कुणी दहा वेळा आपटलेलं नाही.

मग प्रश्न असा की स्वतःच्या वजनाने तरी तो दबला का नाही? गोलाच्या मध्याशी किती दाब पडतो याचं सूत्र सोपं आहे. त्रिज्या १.६५ किलोमीटर धरली (६७पी ला गोल वळला तर एवढी येते), घनता ५३३, आणि उत्तर आलं १०८ पास्कल. मला वाटलं शून्य चुकलं. पुन्हा केलं, तेच.

१०८ पास्कल म्हणजे काय? बाबांच्या कारखान्यातून एक तयार जेकार्ड चादर उचलली. वजन १.४ किलो. नेहमीसारखी घडी घातली, घडी ४० बाय ३० सेंटिमीटरची झाली. तिच्याखाली टेबलावर पडणारा दाब ११५ पास्कलच्या आसपास. चादर तळहातावर ठेवून मी उभी राहिले. चार किलोमीटर लांबीच्या एका जगाच्या अगदी मध्याशी, सगळ्या बाजूंनी मिळून, एवढाच भार आहे.

कारखान्यात मागांच्या खाली जे कापसाचे तंतू साठतात, तेही एका डब्यात सैल भरून तोलले. लिटरला २० ग्रॅम. कापसाच्या तंतूची स्वतःची घनता पाण्याच्या दीडपट, म्हणजे डब्यात शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव भाग हवा. हे तंतू हवेत तरंगताना हळूच एकमेकांना लागतात आणि तिथेच अडकून राहतात, कुणी दाबत नाही. सूर्याभोवतीच्या धुळीच्या चकतीतले पहिले कण असेच जुळत गेले. लहानपणापासून केरसुणीने लोटत आलेला हा केर मी पहिल्यांदाच हातात घेऊन पाहिला.

८ डिसेंबर २०२४, रविवार

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी मांडणी मान्य केली. संगणकावर धडक घडवायची. दोन गोळे, प्रत्येकी एक किलोमीटर त्रिज्येचे. प्रत्येक गोळा हजार लहान कणांचा. कण एकमेकांना गुरुत्वाकर्षणाने ओढतात आणि टेकले की स्प्रिंगसारखे ढकलतात. टेकताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. एवढंच. बाकी काय होतं ते बघायचं.

वेगाचा अंदाज: अशा दोन गोळ्यांचा एकमेकांपासूनचा मुक्तिवेग सेकंदाला ०.५५ मीटर. ताशी दोन किलोमीटर. सिद्धेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या पुलावर गर्दीत माणसं चालतात, तो वेग. दोन डोंगर त्या चालीने एकमेकांना भेटतात.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

गोळे भेटायच्या आधीच डावा गोळा आपोआप फुटला. तीन वेळा.

दिवसभर ऊर्जेचा आलेख पाहत बसले. एकूण ऊर्जा कमी व्हायला हवी होती, ती वाढत होती. चूक काळाच्या पावलात होती, म्हणजे प्रोग्राम दर किती सेकंदांनी पुढचं मोजतो त्यात. दोन कण टेकून सुटायला माझ्या स्प्रिंगप्रमाणे सुमारे तीन सेकंद लागतात आणि मी पाऊल टाकलं होतं दोन सेकंदांचं. कण टेकतात कधी आणि सुटतात कधी हे प्रोग्रामला दिसतच नव्हतं. एका पावलात बाहेर, दुसऱ्यात खोल आत, आणि खोल आत गेलेल्या कणाला स्प्रिंग नको तेवढ्या जोराने भिरकावत होती. पाऊल ०.१ सेकंद केलं. गोळे शांत झाले.

आता अडचण वेळेची. बारा तासांची धडक बघायला चार लाखांवर पावलं, आणि प्रत्येक पावलाला वीस लाख जोड्या. पायथनमध्ये लॅपटॉप रात्रभर चालून पहाटे अर्ध्यावर होता.

१८ डिसेंबर २०२४, बुधवार

उपाय मिळाला. गुरुत्वाकर्षण सावकाश बदलतं. या घनतेच्या कुठल्याही पिंडाचा स्वतःचा ठोका सुमारे दीड तासाचा असतो, पिंड लहान असो की मोठा. मग ते दर पावलाला मोजायची गरज नाही, वीस पावलांतून एकदा पुरे. टेकणं मात्र दर पावलाला बघायचं, तेही फक्त शेजाऱ्यांचं. सगळं पायथनऐवजी सी या संगणकभाषेत पुन्हा लिहिलं. रात्रभराचं काम चहा होईपर्यंत उरकतं.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

०.५ मीटर वेगाने, थोडं एका बाजूला सरकवून धडक दिली. दोन्ही गोळे सुंदर चिकटले, मध्ये मान तयार झाली, मी भावाला हाक मारली. सिम्युलेशनच्या घड्याळात तीन तास होईतो मान भरून आली आणि सगळा एकच गोळा झाला. तेलाचे दोन थेंब मिळावेत तसा.

कारण कळायला जेवणाचं ताट पुढे यावं लागलं. ताटात शेंगाचटणीचा ढीग होता, त्याच्याशेजारी तेल. तेल पसरलं होतं, चटणी तशीच उभी. माझ्या कणांमध्ये घर्षण नव्हतं. एकमेकांवरून घसरायला त्यांना कुणी अडवत नव्हतं, म्हणून ते द्रवासारखे वागत होते.

घर्षण घालायचं म्हणजे प्रत्येक टेकणाऱ्या जोडीची आठवण ठेवायची: किती सरकले, कुठल्या दिशेला, किती गडगडले. आठवडा जाईल. पण हे घातल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. केंद्रकाचा आकार टिकतो तो चिकटपणाने कमी आणि घर्षणाने जास्त, हे आता मला पटलंय.

१९ जानेवारी २०२५, रविवार

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत आठवडा गेला. परत आल्यावर सोळा धडकांचा निकाल एकत्र पाहिला.

समोरासमोर धडक: एक चपटा गोळा. बाजूने धडक, वेग मुक्तिवेगाच्या आसपास: दोन गोळे, मध्ये मान, दोघांचा आकार जवळजवळ शाबूत. बाजूने धडक, वेग दुप्पट: घासून निघून गेले, थोडा माल एकमेकांचा घेऊन.

मधला निकाल पडद्यावर फिरवून बघताना अंगावर काटा आला. ६७पी असाच दिसतो. मोठा भाग ४.१ किलोमीटर लांब, लहान २.६, आणि मध्ये हापी नावाची मान. आणि तो एकटा नाही. हॅले, बोरेली, हार्टली २ या धूमकेतूंचेही आकार लांबट किंवा दोन गोळे जोडल्यासारखे. १ जानेवारी २०१९ ला न्यू होरायझन्स यान नेपच्यूनच्या पलीकडे, सूर्यापासून साडेसहा अब्ज किलोमीटरवर अरोकोथ या बर्फाळ पिंडाजवळून गेलं, तेव्हा तोही तसाच निघाला: ३६ किलोमीटर लांब, दोन चपटे गोळे, जोडाशी चुरगळल्याची खूण जवळजवळ नाही. अरोकोथ सूर्याजवळ कधी आलेलाच नाही. त्याचा जोड उष्णतेने घडलेला असूच शकत नाही.

मार्टिन ज्यूट्झी आणि एरिक अस्फॉग यांनी २०१५ मध्ये हेच दाखवलं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी बारकाईने: सावकाश धडकांतून थरही येतात आणि दोन गोळ्यांचे आकारही. तरी आपल्या लॅपटॉपवर ते घडताना बघणं वेगळं.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "फुटून पुन्हा जमलेलं असेल तर?"

मॅडमचा प्रश्न रास्त आहे. ॲलेसांद्रो मॉर्बिडेली आणि हान्स रिकमन यांनी २०१५ मध्ये मांडलं की सुरुवातीच्या चकतीत धडका एवढ्या होत्या की ६७पी एवढा पिंड आजवर अखंड राहणं अवघड, तो बहुधा मोठ्या पिंडाचा तुकडा असावा. ब्योर्न डेव्हिडसन आणि सहकारी उलट बाजूला: घनता एवढी कमी, सहज उडून जाणारे वायू आत अजून शिल्लक, मग हा मूळचाच. दोन्ही बाजू रोझेटाच्याच आकड्यांवर उभ्या आहेत.

म्हणून आता तीन किलोमीटर त्रिज्येचा, चार हजार कणांचा पिंड घेतला आणि त्यावर एक किलोमीटरचा गोळा सेकंदाला ३० मीटर वेगाने सोडला. पिंड फुटला. ढग पसरत गेला. मी दोन दिवसांचा काळ पुढे चालवला. पसरता पसरता ढगात गाठी झाल्या, गाठी एकमेकींकडे ओढल्या गेल्या, अगदी हळू, सेकंदाला अर्ध्या मीटरनेही कमी. त्यातली एक जोडी भेटली आणि चिकटून राहिली.

दोन गोळे, मध्ये मान.

स्टीफन श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच छापलं आहे, मला ठाऊक होतं. तरी पडद्यासमोर बराच वेळ नुसती बसून राहिले. जानेवारीत ज्या आकाराने काटा आला होता, तो आकार काहीच सिद्ध करत नाही. जोडणारी धडक सावकाश होती एवढंच तो सांगतो. तिच्याआधी काय घडलं हे सांगत नाही.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. ते कांड्या मोजत होते, हात थांबला नाही. म्हणाले, "कापड उसवून सूत काढलं तर ते सूत सरळ राहत नाही. उभ्या धाग्याखालून-वरून गेल्याची मुरड त्याला राहते. नव्या सुताला ती नसते. तुझ्या कणांना मुरड नाही का पडत?"

पडायला हवी. फुटण्याच्या धडकेत कणांवर जोराचा दाब पडला असेल, तर तो कण दबलेला, कमी पोकळ असणार. प्रत्येक कणाने आयुष्यात सोसलेला सगळ्यात मोठा दाब साठवून ठेवायचा. कोडमध्ये फक्त चार ओळी.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

मुरड सापडली नाही.

म्हणजे कणांना ती पडते, पण चुकीच्या जागी. ज्या कणांनी प्रचंड दाब सोसला ते धडकेच्या ठिकाणचे, आणि तेच सगळ्यात जोरात उडून कायमचे निघून गेले. पुन्हा जमलेल्या गाठींमध्ये आलेला माल बहुतेक पलीकडच्या बाजूचा. त्याला धडक जेमतेम कळली, नुसतं सैल होऊन तो बाजूला सरला. त्याची पोकळी शाबूत, त्यातले वायू शाबूत. म्हणजे हलकेपणा आणि जपलेले वायू हेही मूळचेपणाचा पुरावा ठरत नाहीत.

बाबांना सांगितलं. त्यांनी विचार करून म्हटलं, "मग सूत बघू नको, वीण बघ."

९ मार्च २०२५, रविवार

मॅडमचा दुसरा आक्षेप, हा माझ्या मॉडेलवरच. माझे कण ८४ मीटर त्रिज्येचे (मोठ्या पिंडात १५९ मीटरचे). गोल कण रचले की मध्ये फटी राहणारच, सुमारे चाळीस टक्के जागा. "तुझ्या धूमकेतूत घराएवढ्या गुहा आहेत. खऱ्यात आहेत का?"

नाहीत, आणि हे कळलं कसं ते फार देखणं आहे. फिली खाली आणि रोझेटा पलीकडच्या बाजूला असताना दोघांमध्ये ९० मेगाहर्ट्‌झचे रेडिओ संकेत पाठवले, धूमकेतूच्या लहान भागातून आरपार. संकेत आत थोडे रेंगाळले, किती रेंगाळले त्यावरून आतल्या पदार्थाचा परावैद्युत स्थिरांक (पदार्थात रेडिओ लहर किती मंदावते ते सांगणारा आकडा) निघाला १.२७. पोकळीचा १ असतो. म्हणजे आत बहुतेक रिकामी जागा. पण संकेत फारसे विखुरले नाहीत, म्हणजे ती रिकामी जागा मोठमोठ्या गुहांत साठलेली नाही, ती पिठातल्या हवेसारखी सगळीकडे बारीक पसरलेली आहे. मार्टिन पॅट्झोल्ड आणि सहकाऱ्यांनी यानाच्या कक्षेवरून स्वतंत्रपणे तेच काढलं: ७२ ते ७४ टक्के पोकळी, आणि मोठ्या भगदाडाची खूण नाही.

म्हणून अहवालात स्पष्ट लिहायचं ठरलं: माझा कण हा धोंडा नाही. तो हिशोबापुरता बांधलेला पुडका आहे, ज्याच्या आत मिलिमीटर-सेंटिमीटर आकाराचे असंख्य खडे आणि त्यांच्यातली रिकामी जागाच जागा आहे. घनता बरोबर येते, घर्षण बरोबर येतं, पण फटी हिशोबाच्या आहेत. पोकळीबद्दल माझ्या मॉडेलने बोलू नये. वीण किती बारीक दिसावी यालाही त्याची मर्यादा आहे, पण जाड थर कुठे जातात हे तो सांगू शकतो.

एक गोष्ट जुनी असून बरी वाटली. जुलै १९९२ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू गुरूच्या फार जवळून गेला आणि गुरूच्या ओढीने त्याचे वीसच्या वर तुकडे झाले, मण्यांच्या माळेसारखे. १९९४ च्या जुलैमध्ये ते सगळे गुरूवर आदळले. अस्फॉग आणि विली बेन्झ यांनी त्या माळेवरून उलटा हिशोब केला: काहीच ताकद नसलेला, नुसता गुरुत्वाकर्षणाने धरलेला दीड किलोमीटरचा पिंड, घनता पाण्याच्या ०.६ पट. वीस वर्षांनी रोझेटाने दुसऱ्याच धूमकेतूवर मोजलं तेव्हा ०.५३ निघाली. त्यांचेही कण गोलच होते.

२३ मार्च २०२५, रविवार

वीण बघायची म्हणजे रंग लागतात. प्रत्येक कणाला खोलीप्रमाणे रंग दिला: मध्याशी काळा, मग किरमिजी, हिरवा, पिवळा, वरचा पांढरा. चादरीच्या सुताचेच रंग घेतले, डोळ्याला ओळखीचे. मग दोन्ही प्रकारच्या धडका पुन्हा चालवल्या आणि शेवटी आलेला आकार मधोमध कापून पाहिला.

सावकाश जोडलेले दोन गोळे: प्रत्येकात काळ्याभोवती किरमिजी, त्याभोवती हिरवा, सगळं जागच्या जागी. मानेपाशी डाव्याचा पांढरा आणि पिवळा येऊन थांबतो, तिथून उजव्याचा सुरू होतो. दोन चादरी वेगळ्या विणून काठाला काठ शिवल्या की नक्षी शिवणीशी तुटते, तसं.

फुटून जमलेले दोन गोळे: रंग विस्कटलेले. हिरव्याच्या शेजारी पांढरा, मध्येच काळे चार. आणि वर एक पातळ साल, शेवटी शेवटी सावकाश पडत राहिलेल्या मालाची. ही साल मी तीन-तीनदा तपासली. ती दोन्ही गोळ्यांना मिळून एकच आहे, मानेवरूनही तशीच जाते, एका खोळीत दोन उशा घालाव्यात तशी. कारण ती पडली तेव्हा गोळे जोडलेले होते.

आता ६७पी. मात्तेओ मास्सिरोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कड्यांच्या आणि सपाट पायऱ्यांच्या फोटोंवरून थरांचे कल मोजले. कांद्यासारखे थर, ६५० मीटरपर्यंत जाड. आणि मोठ्या भागाचे थर मोठ्या भागाभोवती, लहानाचे लहानाभोवती. दोघांना मिळून खोळ नाही. म्हणजे थर आधी, जोड नंतर.

याने मूळचा पिंड सिद्ध होतो असं मी लिहिलेलं नाही. फुटल्यावर जमलेल्या एखाद्या गाठीला जोडलं जाण्याआधी पुरेसा वेळ मिळाला असेल, तर तिच्यावरही स्वतःची साल चढू शकेल. पण माझ्या बारा फुटणाऱ्या धडकांत, ज्या ज्या गाठी जोडल्या गेल्या, त्या तास-दोन तासांपासून दिवसभरात जोडल्या गेल्या. एवढ्या वेळात ६५० मीटर साल चढलेली एकदाही दिसली नाही. जाड साल स्वतंत्रपणे चढायला निवांत काळ लागतो. अहवालातलं माझं वाक्य एवढंच आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

३० मार्च २०२५, रविवार

पाडवा. गुढी उतरवल्यावर अहवालाची छपाई केली. मुखपृष्ठावर रंगीत काप लावला आहे, शिवणीवाला.

बाबांनी काप हातात घेऊन खिडकीपाशी नेला, चादरीचा नमुना तपासतात तसा उजेडात धरला. मानेच्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे एक हिरवा पलीकडे गेलाय."

गेलाय खरा. डाव्या गोळ्याच्या तिसऱ्या थरातला एक कण उजव्याच्या पांढऱ्यात जाऊन बसलाय. सोळाही कापांत मी तो पाहिला नव्हता. धडकेच्या घड्याळात मागे जाऊन शोधतेय, पहिल्या चाळीस मिनिटांतच कुठेतरी तो सुटलाय.